गार्डसाहेब येतायत मागून

सिद्धोधन खंदारे यांना शेकोटी मंडळातल्या सगळ्यांच्या टाचा ओळखू येतात. बन्सीधरशेठचा उजवा बूट बाहेरच्या अंगानं झिजलाय. भुजंगची नाडी हमेशा सुटलेली असते आणि तो ती बांधत नाही, नुसती बुटात कोंबतो. राजेश्री टाच आधी टेकवत नाही, सगळं पाऊल एकदम आपटते, त्यामुळं तिच्यामागं धुरळा जास्त. चेहऱ्यांबद्दल मात्र खंदारेंना इतक्या खात्रीनं सांगता यायचं नाही. मंडळ रांगेनं चालतं, आणि रांगेत ते शेवटचे असतात.

पूर्णेत दिवाळी सरली, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली की मंडळ सुरू होतं आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून बंद पडतं. दर रविवारी उजाडताना पायी निघायचं. कधी कालव्याच्या कडेनं, कधी नदीकाठानं, कधी रुळाच्या बाजूच्या गाडरस्त्यानं. कुणाच्या तरी शेतात पोचायचं, शेकोटी पेटवायची, डबे उघडायचे आणि दुपारी रेल्वे नाहीतर एसटी, मिळेल ते धरून परत. बन्सीधरशेठचं बियाण्याचं दुकान आहे. पंचक्रोशीतले बांध त्यांना तोंडपाठ, शेतकरी ओळखीचे, म्हणून ते पुढं. भुजंग विम्याची कामं करतो. त्याला बोलायला दोन्हीकडं माणसं लागतात, म्हणून तो मधे. राजेश्री बँकेत आहे, लातूरकडून बदलून आलेली. ती कधी पुढं, कधी मधे, जिथं गप्पा रंगल्यात तिथं.

खंदारे मागं, हे पहिल्याच रविवारी ठरलं. त्या दिवशी दिनकरराव नावाचे निवृत्त हेडमास्तर एका फाट्यावर चुकीच्या बाजूला वळले आणि मंडळ पुढं निघून गेलं. तासाभरानं ते ऊसातून बाहेर आले तेव्हा त्यांचा स्वेटर पाचटानं भरलेला होता आणि ते कुणाशी बोलेनात. बन्सीधरशेठ म्हणाले की मागं एक जबाबदार माणूस पाहिजे. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि भुजंग म्हणाला, "आपल्यात खुद्द गार्ड असताना दुसरा कशाला हुडकायलाव?"

हसू झालं. खंदारेही हसले. त्यांना त्या दिवशी बरंच वाटलं होतं. रात्री बायकोला फोनवर सांगितलं, मला मंडळात काम दिलंय.

त्यांची सगळी नोकरी मालगाडीवर झाली. पूर्णेहून परळी, पूर्णेहून अकोला, कधी मुदखेडला जाऊन पडायचं. मालगाडीचा गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यातला माणूस. डबा म्हणायचा म्हणून म्हणायचा. चार चाकांवरची एक पत्र्याची खोली, तिला ना धड खिडकी, ना धड बाक. पुढं कोळसा किंवा सिमेंट नाहीतर खताच्या पोत्यांनी भरलेल्या वाघिणी, आणि त्यांच्याही पुढं, पार लांब, इंजिन. इंजिनात दोघं तरी असतात. गार्ड एकटा. दुसऱ्या गाडीला वाट द्यायला लूप लाईनला, बाजूच्या रुळावर, गाडी तासनतास उभी राहिली की दोन्ही बाजूंना नुसती तुरीची शेतं, आणि बोलायला पत्रा.

पण त्या एकटेपणात एक गोष्ट होती. वळण आलं की ड्रायव्हर बाहेर वाकून मागं बघायचा. बघणं त्याच्या कामातच होतं. सगळ्या वाघिणी येतायत का, गार्ड हाय का. मग खंदारे दारात येऊन हात वर करायचे. सगळं ठीक. तिकडूनही एक हात वर व्हायचा. इतक्या लांबून माणूस ओळखू यायचा नाही. काही ड्रायव्हर घमेंडखोर होते, एकानं तर खंदारेंशी वर्षभर अबोला धरला होता. पण वळणावर तोही मागं बघायचा.

मंडळात मागं कुणी बघत नाही. बघायची गरजच पडत नाही, कारण मागं गार्डसाहेब आहेत. कुणी नवीन माणूस आला आणि त्यानं विचारलं की सगळे आले का, तर पुढं बघत बघतच कुणीतरी सांगतं, "गार्डसाहेब येतायत मागून." हे वाक्य खंदारेंनी कुंपणापलीकडून, पुलाखालून, हरभऱ्याच्या वावरातून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते त्यांना आपलं आडनाव वाटतं.

त्यांची अपेक्षा लय मोठी नव्हती. कुणी त्यांच्यासोबत सगळा रस्ता चालावं असंही नाही. एखाद्या वळणावर कुणीतरी थांबावं आणि मागं बघावं, एवढंच. हे त्यांना तोंडानं सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी आनंदानं बघितलं असतं, बन्सीधरशेठनी पाळ्या लावल्या असत्या, आणि मग त्या बघण्यात काही राहिलं नसतं.

जेवणाचंही तसंच झालं होतं. मंडळाचा एक कायदा आहे: आपला डबा आपण खायचा नाही. मधे जुनी सतरंजी, तिच्यावर भाकरी आणि धपाट्यांची चळत, भोवती सगळ्यांचे डबे उघडे. कुणाची अंबाडी, कुणाचं वांगं, राजेश्रीच्या पातेल्यातली दही-कांद्याची कोशिंबीर, भुजंगच्या बायकोचा ठेचा, जो खाऊन भुजंग स्वतःच रडतो. खंदारे येसराची आमटी आणतात. येसर म्हणजे भाजून दळलेली धान्यं, डाळी आणि मसाला. तो असला की आमटीला दाटपणा येतो, भाकरी कुस्करून खाता येते. रनिंग रूमच्या, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या मुक्कामाच्या खोलीतल्या, स्टोव्हवर शिकलेला हा एकच पदार्थ त्यांना मनासारखा जमतो. पहाटे उठून करतात, स्टीलच्या बरणीत भरतात, बरणी टॉवेलात गुंडाळतात.

आणि मग कुणाच्या पायात काटा मोडतो, दिनकररावांचा गुडघा धरतो, कुणी आडोशाला जातं. शेवटच्या माणसानं सगळ्यांसाठी थांबायचं. खंदारे शेतात पोचतात तेव्हा पंगत हात धुवायला उठलेली असते. त्यांचा वाटा नीट झाकून ठेवलेला असतो, याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. सगळ्यांच्या भाज्या थोड्याथोड्या, दोन भाकरी, ठेचा. ते बसून खातात. बरणी उघडली की बन्सीधरशेठ पोटावर हात फिरवून म्हणतात की अरे, तुमची आमटी राहिलीच की, पुढच्या रविवारी पहिली तुमचीच. बरणी जशीच्या तशी पूर्णेला परत येते आणि खंदारे ती संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी एकटे संपवतात.

खंदारे बौद्ध. डबा परत येण्याचा एक जुना अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि तो मनात आला नाही असं नाही. मागच्या वर्षी एका रविवारी त्यांनी मुद्दाम बरणी भुजंगच्या पिशवीत घातली, म्हणाले, जड होतीय रे, पुढं घेऊन जा. ते पोचले तेव्हा बरणी पुसून ठेवल्यासारखी लख्ख होती. भुजंगनं सगळ्यांना सांगून वाढली होती, गार्डसाहेबांची आमटी म्हणून. बन्सीधरशेठनी तर बरणीत भाकरीचा तुकडा फिरवला होता. म्हणजे ती गोष्ट नव्हती. खंदारेंना वाटेत बरं वाटलं. घरी आल्यावर तितकंसं बरं वाटेना. ती गोष्ट असती तर तिला नाव तरी होतं, तिच्याशी भांडता आलं असतं. ही नुसती उशिराची गोष्ट होती. आणि आपली बरणी पुढं जाऊन पंगतीत बसते, आपण मागंच, हेही त्यांना काही पटलं नाही. परत त्यांनी ती पुढं पाठवली नाही.

घरी ते एकटेच. कुसुमबाई, त्यांची बायको, लेकीच्या, माधवीच्या, बाळंतपणाला संभाजीनगरला गेल्या त्या तिकडंच रुळल्या. नातू आता शाळेत जातो. भांडण नाही, काही नाही. खंदारेंनी एकदा विचारलं होतं, कधी येतीस, तर त्या म्हणाल्या होत्या, "तुमी लाईनवर होताव तवा मी एकटी ऱ्हायले. आता माणसांत बसलेय तर बसू द्या की थोडं." खंदारे आठ दिवस तिकडं राहूनही आले. सकाळी जावई कामावर, लेक कामावर, नातू शाळेत, कुसुमबाई खालच्या मजल्यावरच्या बायकांत. दुपारी त्या फ्लॅटमधे ते आणि फ्रिजचा आवाज. ते पूर्णेला परत आले आणि मंडळाची वाट बघत बसले.

तर या पौषातला तो रविवार. चुडाव्याला जायचं ठरलं. जाताना पायी, येताना दुपारच्या पॅसेंजरनं. स्टेशनाला लागूनच बन्सीधरशेठच्या एका गिऱ्हाइकाचं शेत, हुरडा ऐन भरातला. सगळं नेहमीसारखं झालं. दिनकररावांचा गुडघा धरला, खंदारे त्यांच्यासोबत बाभळीखाली बसले, पोचेपर्यंत आगटीत नुसती राख आणि शेवटची चार कणसं. वाटा झाकलेला होता. बरणी उघडली, बन्सीधरशेठनी पोटावर हात फिरवला.

गाडीची वेळ झाली तसं मंडळ आवराआवर करून स्टेशनकडं निघालं. खंदारे आगटीपाशी थांबले. बाजूलाच कडब्याची गंजी होती आणि राखेत अजून धग होती. त्यांनी विहिरीवरून दोनदा बादली आणून ओतली, काडीनं उकरून बघितलं, परत ओतली. सतरंजी पसरलेल्या जागी एक नजर टाकली, तर पातेल्याचं झाकण राहिलेलं. राजेश्रीचं. ते पिशवीत घातलं. ही गाडी कधी वेळेवर येत नाही. त्या दिवशी आली.

भोंगा ऐकला तेव्हा ते बांधावर होते. पळाले म्हणता येणार नाही, त्या वयाला साजेसं जे काही असतं ते केलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला चढले तोवर गाडी हलली होती. मंडळ मधल्या डब्यात चढून बसलेलं. आत कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं, कारण खंदारे त्यांच्यासोबत कधीच बसत नाहीत. ते सगळ्यांना चढवतात आणि स्वतः शेवटच्या डब्यात जाऊन बसतात. इतक्या वर्षांच्या सवयीनं अंगाला शेवटचा डबाच मानवतो. तेव्हा ते डब्यात नाहीत याचा अर्थ ते मागच्या डब्यात आहेत.

गाडीनं अजून वेग धरला नव्हता. शेवटचा डबा त्यांच्यासमोरून चालला होता आणि दारात गाडीची गार्ड उभी होती, एक तरुण पोरगी, पांढऱ्या शर्टातली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. सरळ, नीट पाहिलं. पिशवी घेऊन धापा टाकणारा म्हातारा माणूस. थांबवू का, असं तिच्या तोंडावर होतं. खंदारेंनी नुसतं ओरडायचं होतं. आणि त्यांचा हात वर गेला. तळवा पुढं, सगळं ठीक. तो हात त्यांनी वर केला नाही, तो आपला आपण गेला, जसा तीस-पस्तीस वर्षं जात होता. पोरीच्या तोंडावरची काळजी गेली. तिनंही हात वर केला. गाडी निघून गेली.

ते बाकावर बसले आणि आधी स्वतःवरच हसले. मग फोन काढला. भुजंगला एक फोन लावला असता तर तो पूर्णेला उतरल्या उतरल्या मोटारसायकल काढून आला असता, वर महिनाभर सगळ्यांना हा किस्सा सांगितला असता. खंदारेंनी नाव काढलं, त्याच्यावर बोट नेलं, आणि फोन मांडीवर ठेवला. गाडी पूर्णेला पोचेल, सगळे खाली उतरतील. फलाटावर कुणीतरी म्हणेल, गार्डसाहेब कुठंयत. बघू कोण म्हणतंय.

पूर्णा काही लांब नाही. गाडी पोचायची वेळ झाली, टळली. फोन वाजला तो मेसेजनं. मंडळाच्या ग्रुपवर बन्सीधरशेठनी टाकलं होतं, दर रविवारी टाकतात तसंच: *सर्व सभासद सुखरूप पोचले. गार्डसाहेबांचे आभार.* खाली जोडलेले हात. त्याखाली एकेकाचे अंगठे यायला लागले. दिनकररावांनी फूल टाकलं. भुजंगनं हुरड्याचे फोटो टाकले. खंदारेंनी ते सगळे बघितले, बोटांनी मोठे करून बघितले. एका फोटोत कडेला त्यांची पिशवी होती.

मग कुसुमबाईंचा फोन आला. रविवारी दुपारी त्या करतातच. पलीकडं नातवाचं टीव्हीचं कार्टून चालू होतं.

"जेवलाव का?"

"जेवलो की. हुरडा होता."

"आज लय शांत हाय तिकडं. हमेशा कालवा असतो तुमच्या मंडळाचा."

"सगळे पुढं गेलेत," खंदारे म्हणाले. "मी मागं हाय."

कुसुमबाई हसल्या. "तुमी कवा पुढं होताव?"

तेही हसले. मग कुसुमबाईंनी नातवाच्या खोकल्याचं सांगितलं, माधवीच्या ऑफिसचं सांगितलं, आणि थंडीत कान बांधत जा म्हणाल्या. खंदारेंना सांगता आलं असतं. ज्या बायकोला आपण इतक्या वर्षांत कुठल्या स्टेशनावर आहोत ते कधी कळवलं नाही, चार-चार दिवस नुसती वाट बघायला लावली, तिला आज एका बाकाची तक्रार काय सांगायची, असं त्यांना वाटलं. ते हां हां म्हणत राहिले.

उन्हं प्लॅटफॉर्मवरून खाली उतरली तेव्हा राजेश्रीचा फोन आला. तिचं नाव स्क्रीनवर दिसलं आणि खंदारे उभे राहिले. बसून घ्यायचा फोन नव्हता तो.

"काका, मी राजेश्री. एक विचारायचं होतं."

"विचार की."

"माझ्या पातेल्याचं झाकण कुठं दिसलं का हो? घरी आले तर नुसतं पातेलं. बहुतेक तिथंच राहिलं."

खंदारेंनी पिशवीत हात घातला. झाकण गार पडलं होतं. "हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं हाय."

"सुटले बाई. तो आईचा सेट आहे. काका, तुम्ही आहात म्हणून बरंय. पुढच्या रविवारी आणाल?"

"आणतो."

फोन ठेवून ते तसेच उभे राहिले. आपण का बोललो नाही, हे त्यांना कळेना. रागही कुणाचा धरायचा ते कळेना. पोरगी गोडच होती.

स्टेशनावरच्या पॉइंटमननं, सांधे बदलणाऱ्या आश्रुबानं, त्यांना मघापासून बघितलं होतं. तो दोन गाड्यांच्या मधे जेवायला बसला होता, कोरडी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवायला या म्हणाला. खंदारेंनी बरणी पुढं केली. आश्रुबानं विचारपूस न करता भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली आणि पहिल्याच घासाला थांबला.

"आमटी खारट झालीय, बाबा."

"झालीय का?"

"लय. रोज एवढंच मीठ घालताव का?"

खंदारेंनी बोट बुडवून चाटलं. त्यांना नेहमीसारखीच लागली. म्हणजे किती वर्षं ती अशीच होती कोण जाणे. एकट्याच्या जिभेला काय अंदाज राहतो. आश्रुबानं दुसरी भाकरी मोडली, खारट खारट म्हणतच बरणी अर्धी केली आणि मग सिग्नल झाला तसा हात धुऊन उठला. संध्याकाळच्या गाडीनं खंदारे पूर्णेला आले. दिवस मावळला होता, फलाटावर ओळखीचं कुणी नव्हतं. घरी जाऊन त्यांनी कान बांधले आणि झोपले.

आठवडाभर ग्रुपवर सकाळच्या शुभेच्छा येत राहिल्या.

पुढच्या रविवारी ताडकळसच्या रस्त्याला जायचं होतं. सगळे मोंढ्यापाशी जमले, चहा घेतला. खंदारेंनी राजेश्रीला झाकण दिलं आणि, जितक्या साध्या आवाजात जमलं तितक्या, सांगितलं की हे घेऊन मी चुडाव्याला बसलो होतो संध्याकाळपर्यंत, गाडी चुकली माझी.

आधी कुणाला कळलंच नाही. मग भुजंग म्हणाला, "काहीतरीच काय, गार्डसाहेब. मी स्वतः तुमाला चढताना बघितलं."

"कुठं?"

"शेवटच्या डब्यात. दांडी धरून."

"ती दुसऱ्या कुठल्या रविवारची गोष्ट हाय का तुझी?" खंदारे म्हणाले. "मी प्लॅटफॉर्मवर होतो."

दिनकररावांनाही आठवत होतं, पूर्णेला उतरल्यावर खंदारे जिन्याकडं चालत होते. स्वेटर कुठला होता तेही त्यांनी सांगितलं. आणखी कुणीतरी म्हणालं की हो, मी तर हात केला तुम्हाला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर ते खरोखर होतं: शेवटचा डबा आणि त्यात खंदारे. बन्सीधरशेठ तर जरा दुखावलेच. म्हणाले, "असं कसं होईल? मी मेसेज टाकला की, सगळे पोचले म्हणून."

आता आश्रुबाला साक्षीला आणायचं का काय, असं खंदारेंना वाटलं. दोघंतिघं हसले, भुजंग म्हणाला की गार्डसाहेब आता वयोमानानं गमती करायला लागलेत, आणि विषय चहाच्या पैशांवर गेला. खंदारेंनी कप खाली ठेवला.

"आज मी मागं ऱ्हाणार न्हाई," ते म्हणाले.

"मग मागं कोण?" बन्सीधरशेठनी विचारलं.

कुणी नाडी बांधायला वाकलं, कुणी मफलर सारखा केला. शेवटी पाळीनं बघू, निघूया तर आधी, ऊन चढेल, असं काहीबाही म्हणत मंडळ निघालं.

खंदारे मधे चालले. मधे चालणं त्यांना येत नव्हतं. कुणाच्या किती जवळ राहायचं, गप्पांत कधी घुसायचं, हसायचं कुठं. भुजंग एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होता, खंदारे शेजारी आले तसा तो आदरानं थांबला आणि म्हणाला, "मग, तब्येत बरी?" ते बरी म्हणाले. नक्कल परत सुरू झाली नाही. ते थोडे बाजूला झाले तेव्हा झाली.

एक गोष्ट मात्र घडायला लागली. मागं कुणी नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळं कुणाला चैन पडेना. कालव्याच्या पुलावर बन्सीधरशेठ थांबले आणि मागं वळले. सूतगिरणीच्या भिंतीपाशी दिनकरराव वळले. चारचौघं बोलता बोलता मान फिरवायचे, रांगेवरून नजर न्यायचे, शेवटचं माणूस कोण ते बघायचे आणि परत चालायला लागायचे. खंदारेंना इतके चेहरे कधी दिसले नव्हते. बन्सीधरशेठच्या भुवईत जखमेचा व्रण होता. दिनकररावांनी मिशी काढली होती, कधी काढली कोण जाणे. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावरून, त्यांच्या खांद्यावरून, मागच्या रिकाम्या रस्त्यावर जात होत्या.

राजेश्री रांगेत हळूहळू मागं सरकत त्यांच्या बरोबरीला आली. बराच वेळ नुसतीच पाय आपटत चालली. झाकण तिच्या पिशवीत पातेल्यावर वाजत होतं.

"काका, खरंच मागं राहिला होतात?"

"हां."

"मी फोन केला तेव्हा?"

"तवा तिथंच होतो. बाकापाशी."

"मग सांगायचं ना."

खंदारेंनी विचार केला. त्यांना तिला लागेल असं काही बोलायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

"तू झाकण विचारलं," ते म्हणाले. "झाकण होतं."

राजेश्रीनं तोंड उघडलं, पण समोरून मोटारसायकल आली आणि दोघं कडेला झाले; ती गेल्यावर ते बोलणंही गेलं. कुणीतरी शेजारी चाललंय याची खंदारेंच्या पायांना सवय नव्हती. ते नकळत अर्धं पाऊल मागं पडत होते. ती थांबायची, ते आणखी मागं पडायचे, ती परत थांबायची. असं करत करत बाकीचे सगळे पुढं गेले आणि ही दोघंच शेवटी उरली. तिच्या ते ध्यानात आलं नाही. खंदारेंच्या आलं.

पुढून भुजंगनं हाक मारली, फोटो काढायचाय, राजेश्रीताई लवकर या, ऊन चांगलंय. तिनं खंदारेंकडं बघितलं.

"जा," ते म्हणाले. "मी येतो."

"आलेच, काका."

ती झपाझप निघाली, धुरळा उडवत. पुढं रस्ता उजवीकडं वळून एका मोठ्या चिंचेमागं जातो. वळणावर ती थांबली आणि तिनं मागं बघितलं. खंदारेंकडं बघितलं, की त्यांच्यामागं आणखी कुणी राहिलंय का ते बघितलं, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. ते क्षणभर थांबले. मग आपल्याकडंच बघितलं असं धरून चालले, आणि वळणापर्यंत पोचले तेव्हा तिथं कुणी नव्हतं.